न्यूट्रॉन नेमका करतो काय? बडोद्याच्या शिकवणीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी आठवी ते बारावीची मुलं रसायनशास्त्र शिकायला येतात. बहुतेकांचं घर मराठी, शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची. अणूचा धडा आला की सगळी एका सुरात म्हणतात: प्रोटॉन धन, इलेक्ट्रॉन ऋण, न्यूट्रॉन काही नाही. या ‘काही नाही’वर माझा जीव आहे. गेली कितीतरी वर्षं मुलं आणि त्यांचे आईवडील त्याबद्दल जे विचारत आलेत, ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. क्रम पुस्तकातला नाही, विचारण्यातला आहे.

घरी आजोबा ‘अणू’ म्हणतात, शाळेत ‘परमाणु’. बरोबर कोण?

दोघंही, आपापल्या भाषेत. आपण मराठीत ज्याला अणू म्हणतो त्याला गुजरातीत परमाणु म्हणतात, आणि गुजरातीतला अणु म्हणजे आपला रेणू. माझ्याकडच्या एका मुलीनं वहीत ‘पाण्याचा अणु’ लिहिलं होतं. आजोबांनी ते खोडून ‘रेणू’ केलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी ‘रेणू’ खोडून परत ‘अणु’ केलं. पोर रडकुंडीला आली. चूक कोणाचीच नव्हती. तसंच आपलं मूलद्रव्य म्हणजे तिकडचं तत्त्व. समस्थानिक हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच, तेवढी सोय आहे. बडोद्यात १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली तेव्हापासून शास्त्र आपल्या भाषेत शिकवण्याचा आग्रह इथे आहे. त्रिभुवनदास गज्जरांनी तो धरला, सयाजीराव महाराजांनी त्याला पाठबळ दिलं. तेव्हा दोन्ही शब्द येऊ द्या, फक्त एकाच उत्तरात मिसळू नका. इथे मी मराठी शब्द वापरले आहेत.

न्यूट्रॉन असतो कुठे आणि केवढा असतो?

अणूच्या मधोमध, केंद्रकात, प्रोटॉनला खेटून. वस्तुमान प्रोटॉनपेक्षा केसभर जास्त, म्हणजे साधारण ०.१४ टक्के. इलेक्ट्रॉनच्या मानाने तो सुमारे १८३९ पट जड. अणूचं जवळजवळ सगळं वजन केंद्रकात असतं, पण जागा मात्र नगण्य. सूरसागरच्या मधोमध, महादेवाच्या मूर्तीच्या पायाशी एक वाटाणा ठेवलात आणि तो केंद्रक मानलात, तर इलेक्ट्रॉनांचा वावर पार तळ्याच्या काठांपर्यंत पोचेल.

प्रभारच नाही, तर तो तिथे करतो काय?

हा खरा प्रश्न. मी आधी उलटा प्रश्न विचारते: केंद्रकात नुसते प्रोटॉन का नसतात? हेलियमचे दोन प्रोटॉन घ्या. दोघेही धन, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. अगदी जवळ आले की त्यांच्यात एक जबरदस्त ओढ लागते, तिला प्रबल बल म्हणतात. पण दोन नुसत्या प्रोटॉनना धरून ठेवायला ती ओढ पुरत नाही, ते सुटून जातात. त्यांच्यात दोन न्यूट्रॉन आले की तेच केंद्रक विलक्षण घट्ट होतं. न्यूट्रॉन प्रबल बलाची ओढ लावतो आणि ढकलाढकलीत भाग घेत नाही. ‘प्रभार नाही’ ही त्याची उणीव नव्हे, त्याचं कामच त्यावर चालतं.

मोठ्या केंद्रकात ही गोष्ट फार महत्त्वाची होते. प्रबल बलाचा पल्ला अगदी आखूड, शेजाऱ्यापुरता. विद्युत ढकल मात्र केंद्रकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते. नवरात्रात गरब्याच्या मैदानात उभे राहा: हात धरता येतो तो शेजारच्याचाच, पण ढोल ऐकू येतो मैदानभर. प्रोटॉन वाढत गेले की प्रत्येकाला बाकीचे सगळे ढकलतात, ओढून धरणारे मात्र चार शेजारीच. हा तोल सावरायला न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा जास्त लागतात. कार्बनमध्ये ६ प्रोटॉनला ६ न्यूट्रॉन पुरतात. लोखंडात २६ प्रोटॉनला ३० लागतात. शिशाच्या नेहमीच्या अणूत ८२ प्रोटॉनला १२६. दोन्ही संख्या सारख्या असलेलं शेवटचं टिकाऊ केंद्रक कॅल्शियम-४० चं, २० आणि २०. त्यापुढे बरोबरी परवडत नाही.

शिशाच्या पलीकडे न्यूट्रॉन कितीही घाला, कायम टिकणारं काही सापडत नाही. शिशाच्या लगेच पुढचं बिस्मथ टिकाऊ आहे असं आम्ही शिकलो होतो. २००३ मध्ये कळलं की तेही फुटतं, फक्त इतकं सावकाश की विश्वाचं आजवरचं वय त्यापुढे क्षणासारखं आहे.

आणि जगात न्यूट्रॉनच नसते तर? हायड्रोजन सोडून एकही मूलद्रव्य उरलं नसतं. टिकाऊ अणूंमध्ये न्यूट्रॉनवाचून चालतं ते फक्त साध्या हायड्रोजनचं. हे ऐकल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प बसतो. मला ती शांतता फार आवडते.

मग मूलद्रव्य कोणतं, हे न्यूट्रॉन ठरवतो का?

नाही. ते प्रोटॉनच्या संख्येवर ठरतं. सहा प्रोटॉन म्हणजे कार्बन, मग न्यूट्रॉन सहा असोत, सात असोत की आठ. नाव प्रोटॉन देतो, टिकायचं की नाही हे न्यूट्रॉनच्या संख्येवर ठरतं.

समस्थानिक काही केल्या डोक्यात बसत नाही. सोपं करून सांगाल?

घरी सेव-उसळीचा बेत असेल त्या दिवशी भिजवलेले पांढरे वाटाणे मूठभर बाजूला काढा, सोबत थोडे हरभरे. हरभरा म्हणजे प्रोटॉन, वाटाणा म्हणजे न्यूट्रॉन. ताटलीत ६ हरभरे आणि ६ वाटाणे ठेवा. हा कार्बन-१२. आता एक वाटाणा वाढवा. हरभरे तेवढेच, म्हणून नाव कार्बनच, पण एकूण दाणे १३. हा कार्बन-१३, निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्के असतो आणि पूर्ण टिकाऊ आहे. आणखी एक वाटाणा टाका: कार्बन-१४, हा किरणोत्सारी, म्हणजे आपोआप फुटणारा. आता वाटाण्याऐवजी एक हरभरा वाढवून बघा. सात हरभरे झाले की ताटलीत कार्बन राहिलाच नाही, नायट्रोजन आला. आवर्तसारणीत एकाच घरात, म्हणजे एकाच स्थानी बसणारे ते समस्थानिक. शब्दातच अर्थ आहे.

काही मूलद्रव्यांचा एकच टिकाऊ समस्थानिक असतो: सोडियम, ॲल्युमिनियम, फ्लोरिन, सोनं. कथिलाचे मात्र दहा आहेत, सगळ्यांत जास्त. कथिलाचे प्रोटॉन ५०, आणि ५० ही संख्या केंद्रकाला मानवणाऱ्या संख्यांपैकी एक: २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. त्या अशा का, हे मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी उलगडलं, १९६३ चं नोबेल त्यांना मिळालं. शिशाचे आकडे वर पुन्हा बघा: ८२ आणि १२६.

क्लोरीनचा अणुभार ३५.५ कसा? अर्धा न्यूट्रॉन असतो का?

अर्धा न्यूट्रॉन नसतो. निसर्गातले क्लोरीनचे चार अणू उचलले तर साधारण तीन ३५ चे आणि एक ३७ चा. पस्तीस त्रिक एकशे पाच, अधिक ३७, झाले १४२. भागिले चार, साडेपस्तीस. ही सरासरी आहे. ३५.५ वजनाचा एकही क्लोरीन अणू जगात नाही. या प्रश्नाला परीक्षेत गुण हमखास मिळतात, तरी मुलं तो सोडून देतात याचं मला वाईट वाटतं.

आर्गॉन पोटॅशियमपेक्षा जड, तरी सारणीत आधी का?

कारण सारणी वजनावर नाही, प्रोटॉनवर लावलेली आहे. हेन्री मोझलीने १९१३ मध्ये क्ष-किरणांवरून अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, मोजता येतो हे दाखवलं आणि हा घोळ मिटला. आर्गॉन १८, पोटॅशियम १९. पण आर्गॉनचा नेहमीचा अणू २२ न्यूट्रॉन बाळगतो, पोटॅशियमचा २०. म्हणून आर्गॉनचा अणुभार ३९.९५ आणि पोटॅशियमचा ३९.१०.

आर्गॉनला इतके न्यूट्रॉन आले कुठून? पोटॅशियम-४० नावाचा एक विरळा समस्थानिक आहे, किरणोत्सारी, अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) सुमारे सव्वाशे कोटी वर्षं. खडकांतल्या या पोटॅशियमचा थोडा भाग आर्गॉन-४० मध्ये बदलत आला आणि तोच आज हवेत भरला आहे. पोटॅशियम-४० केळ्यात असतो, बटाट्यात असतो, आपल्या शरीरातही असतो. मोठ्या माणसाच्या अंगात त्याचे दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटतात. घाबरू नका, माणूस पहिल्यापासून असाच जगत आला आहे.

न्यूट्रॉननं घट्टपणा येतो, तर जितके जास्त तितकं चांगलं नाही का?

नाही. जुन्या वाड्याला दोन जिने आहेत असं धरा, एक प्रोटॉनचा, एक न्यूट्रॉनचा. पायऱ्या खालून भरत जातात आणि एकेका पायरीवर मोजकेच जण मावतात. वरची पायरी म्हणजे जास्त ऊर्जा. तुम्ही न्यूट्रॉनच कोंबत गेलात, तर नव्याला फार उंच पायरी मिळते, आणि शेजारच्या जिन्यावर खालची पायरी रिकामी दिसत असते. मग एखादा न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि तिथे उतरतो. जाताना एक इलेक्ट्रॉन आणि अँटिन्यूट्रिनो नावाचा एक अतिशय हलका, प्रभार नसलेला कण बाहेर टाकतो. हाच बीटा ऱ्हास. कार्बन-१४ असंच करतो: ६ हरभरे, ८ वाटाणे होते, त्याचे ७ आणि ७ झाले, म्हणजे नायट्रोजन.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ममी आहे. अशा वस्तू किती जुन्या, हे न्यूट्रॉनवरून कळतं म्हणतात. कसं?

अवकाशातून येणारे किरण हवेत वर आदळतात तेव्हा न्यूट्रॉन सुटतात. असा एखादा न्यूट्रॉन नायट्रोजनच्या केंद्रकात शिरतो, तिथला एक प्रोटॉन बाहेर पडतो आणि कार्बन-१४ तयार होतो. तो झाडांत जातो, झाडांतून प्राण्यांत, माणसांत. जिवंत असेपर्यंत त्याचा साठा भरत राहतो. मरण आलं की भरणं थांबतं आणि साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरला हे मोजलं की काळ कळतो. ममीला गुंडाळलेलं जवसाच्या धाग्याचं (लिननचं) कापडही एके काळी रोपच होतं, म्हणून त्यालाही हे लागू. दगडाला किंवा सोन्याला मात्र ही पद्धत चालत नाही. ही रीत विलर्ड लिबी यांची, १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच.

न्यूट्रॉन एकटा, सुटा राहू शकतो का?

थोडा वेळ. शंभर सुटे न्यूट्रॉन घेतले तर दहा मिनिटांच्या आसपास पन्नास उरतात, बाकीचे प्रोटॉन झालेले असतात. टिकाऊ केंद्रकात मात्र तो अब्जावधी वर्षं तसाच राहतो, कारण तिथे प्रोटॉन होऊन उतरायला खालची पायरी रिकामी नसते. ज्याला तो सांभाळतो, तेच केंद्रक त्यालाही सांभाळतं. न्यूट्रॉनबद्दल मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

न्यूट्रॉन वाढला तर रासायनिक गुणधर्म बदलतात का?

एका गाइडमध्ये ‘अजिबात नाही’ असं ठळक अक्षरांत छापलेलं मी पाहिलं आहे. ते अर्धंच खरं. रासायनिक वागणूक इलेक्ट्रॉनवर असते, इलेक्ट्रॉन प्रोटॉनइतके असतात, म्हणून बहुतेक मूलद्रव्यांत फरक जाणवत नाही. क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७, दोघांचं मीठ खारटच. पण हायड्रोजनमध्ये एका न्यूट्रॉनने वजन थेट दुप्पट होतं, आणि तिथे फरक डोळ्यांनी दिसतो. त्या हायड्रोजनला ड्यूटेरियम म्हणतात, हॅरोल्ड युरी यांनी १९३१ मध्ये तो शोधला. त्याचं पाणी म्हणजे जड पाणी. ते गोठतं ३.८ अंश सेल्सिअसला, उकळतं १०१.४ अंशांना, आणि साध्या पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्के जड असतं. त्याचा बर्फ साध्या पाण्याच्या पेल्यात टाकला तर तळाशी जाऊन बसतो. सजीवांत ड्यूटेरियममुळे रासायनिक क्रिया मंदावतात. शरीरातलं निम्मं पाणी जड झालं तर उंदरासारखा प्राणी जगत नाही.

म्हणजे आपण पितो त्या पाण्यातही ते आहे?

आहे, आणि त्याने काही होत नाही. साधारण ६,४०० हायड्रोजनमागे एक ड्यूटेरियम. वीस लिटरच्या जारमधलं सगळं ड्यूटेरियम गोळा करून त्याचं जड पाणी केलं, तर साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरेल. चहाचा चमचासुद्धा भरणार नाही.

बडोद्यात जड पाण्याचा कारखाना होता हे खरं का?

खरं. फर्टिलायझरनगरला, गुजरात स्टेट फर्टिलायझर्सच्या शेजारी, अणुऊर्जा विभागाने तो १९७७ मध्ये सुरू केला. खताच्या कारखान्याशेजारी का, हे समजून घेण्यासारखं आहे. अमोनिया बनवायला नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड प्रमाणात लागतात, आणि त्या हायड्रोजनमध्ये निसर्गाने थोडं ड्यूटेरियम मिसळलेलंच असतं. हा वायू खताकडे जाण्याआधी दाबाखाली थंड द्रवरूप अमोनियाशी भेटवायचा. त्यात पोटॅशियम अमाइड हे उत्प्रेरक असतं. ड्यूटेरियम वायू सोडून अमोनियात उतरतो. असं पुन्हा पुन्हा करत तो गोळा करायचा आणि शेवटी ऑक्सिजनशी जाळून त्याचं पाणी करायचं. वायू पुढे खताच्या कामाला मोकळा. एका न्यूट्रॉनच्या वजनावर हा सगळा उद्योग उभा होता. आपल्या गावात हे घडलं, हे प्रत्येक बडोदेकर मुलाला ठाऊक असायला हवं.

पण अणुभट्टीत जड पाणी कशाला?

न्यूट्रॉनचा वेग कमी करायला. यूरेनियमचं केंद्रक फुटतं तेव्हा सरासरी दोन-अडीच न्यूट्रॉन बाहेर पडतात, सेकंदाला जवळपास २०,००० किलोमीटर वेगाने. इतक्या घाईतला न्यूट्रॉन पुढचं यूरेनियम-२३५ क्वचितच फोडतो. सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटरवर आला की काम सोपं. हळू न्यूट्रॉन जास्त परिणामकारक असतो, हे एन्रिको फर्मी यांना १९३४ मध्ये रोममध्ये आढळलं.

वेग कसा कमी करायचा, ते कॅरमवर दिसतं. स्ट्रायकर कडेच्या लाकडावर आपटला की जवळजवळ त्याच वेगाने परत येतो. सोंगटीवर नेमका बसला की बराचसा वेग सोंगटीला देतो. धडकणारे दोघे जितके सारख्या वजनाचे, तितका वेग जास्त वाटला जातो. म्हणून न्यूट्रॉनला अडवायला हायड्रोजन उत्तम, अठराएक टकरींत काम होतं. अडचण एवढीच की साधा हायड्रोजन कधी कधी न्यूट्रॉन गिळून टाकतो आणि स्वतः ड्यूटेरियम होतो. ड्यूटेरियमला पंचवीसएक टकरी लागतात, पण त्याच्याकडे न्यूट्रॉन आधीच आहे, दुसरा तो सहसा घेत नाही. त्यामुळे न्यूट्रॉन वाया जात नाहीत आणि निसर्गात मिळतं तसंच यूरेनियम, ज्यात २३५ चा वाटा जेमतेम ०.७ टक्के, इंधन म्हणून चालतं. आपल्या राज्यात व्याराजवळ काकरापारला अशाच चार अणुभट्ट्या आहेत, दोन २२० मेगावॉटच्या आणि दोन ७०० मेगावॉटच्या.

गाजरावाडीच्या सांडपाणी केंद्रात ‘रेडिएशन’ वापरतात. त्याचा न्यूट्रॉनशी संबंध आहे का? धोका?

संबंध आहे. तिथे १९९२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र आणि महानगरपालिका यांचा एक प्रकल्प आहे. सांडपाण्याच्या गाळातले रोगजंतू कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी मारायचे, म्हणजे तो गाळ शेतात खत म्हणून निर्धास्त घालता येतो. निसर्गातलं कोबाल्ट ५९ चं: २७ प्रोटॉन, ३२ न्यूट्रॉन, पूर्ण शांत. अणुभट्टीत ठेवलं की ते एक न्यूट्रॉन घेतं आणि कोबाल्ट-६० होतं, ५.२७ वर्षं अर्धायुष्याचं, जोरदार गॅमा देणारं. एका वाटाण्याचा फरक. गाळ स्वतः किरणोत्सारी होत नाही. जंतूंवर किरण पडतात, गाळात कोबाल्ट मिसळत नाही.

न्यूट्रॉन शोधला कोणी? इतका उशीर का लागला?

जेम्स चॅडविक, केंब्रिज, फेब्रुवारी १९३२. उशीर प्रभार नसल्यामुळे. तो काही उमटवत नाही, चुंबकाने वळत नाही, त्याचा माग त्याने धडक दिलेल्यांवरूनच काढावा लागतो. असा कण असावा हे रदरफोर्ड १९२० मध्येच बोलून गेले होते. पोलोनियमचे अल्फा कण (म्हणजे हेलियमची केंद्रकं) बेरिलियमवर पडले की काहीतरी भेदक बाहेर येतं, आणि ते मेणावर पडलं की मेणातून प्रोटॉन उडतात, हे इतरांनाही दिसलं होतं. त्यांनी ते गॅमा किरण मानले. चॅडविकनी हिशेब मांडला: एवढ्या जोरात प्रोटॉन उडवायला धडकणारा त्याच्याच वजनाचा हवा. पुन्हा कॅरमच. १९३५ चं नोबेल त्यांना मिळालं.

न्यूट्रॉनची संख्या काढायची कशी?

वस्तुमानांकातून, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या एकूण संख्येतून, अणुअंक वजा करा. यूरेनियम-२३८: २३८ वजा ९२, म्हणजे १४६. सारणीतला अपूर्णांकातला अणुभार या वजाबाकीला वापरू नका.

वाटाणे-हरभऱ्यांचा खेळ घरी करायचा आहे. किती घेऊन बसू?

पहिली वीस मूलद्रव्यं, प्रत्येकाचा निसर्गात सर्वांत जास्त आढळणारा अणू, एकेक करून मांडायचा असेल तर २० हरभरे आणि २२ वाटाणे. वाटाणे दोन जास्त कशाला, हे मुलांना आधी सांगू नका. आर्गॉनपाशी पोचली की हात वाटीत घालून ती स्वतःच थांबतात.